रणगरुडाचं सुतक

मी हे लिहावं की नाही, ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. आमच्या घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मला चार ओळी बऱ्या लिहिता येत असतील असं घरच्यांना वाटतं, आणि तसं फारसं नाही हे मला ठाऊक आहे. त्यात ज्यांच्याविषयी लिहायचं ते माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. बहिणीच्या नवऱ्याची गंमत लोकांपुढे मांडणं आमच्याकडे शोभत नाही. तरी वाचकांनी माफ करावं. नारायणगाव ते घोडेगाव या रस्त्यावर दाजींच्या जीपमधून जे जे गेले त्यांनी दाजींविषयी बरंच काही पसरवून ठेवलं आहे, आणि ते ऐकून मला फार राग येतो.

एक गोष्ट मात्र लोक खरी सांगतात. दाजींइतका रागावलेला माणूस जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत मिळून झाला नसेल. त्यांचा राग भावकीवर नव्हता, बांधावरून नव्हता, टोमॅटोच्या भावावरही नव्हता. तो एका सिनेमावर होता.

रणगरुड नावाचा एक वीर होता. नव्वदच्या आसपास त्याची चित्रकथांची पुस्तकं हिंदीत निघत आणि काही वर्षं मराठीतही निघाली. तोंडावर मुखवटा, पाठीला लोखंडी पंख. दाजींच्या मते खरा रणगरुड फक्त मराठीतला. हिंदीतला रणगरुड दरोडेखोराला 'अबे' म्हणायचा. मराठीत उतरवणारा कुणी सज्जन असावा, कारण मराठीतला रणगरुड दरोडेखोरालाही 'अहो' म्हणायचा. 'अहो, ती बंदूक खाली ठेवा,' असं म्हणून मग तो त्याला कड्यावरून लोटायचा. "हिंदीतला गुंड हाय, आपला मास्तर हाय," असं दाजी सांगत. टीव्हीवरच्या मालिकेतला रणगरुड त्यांच्या हिशेबात यायचाच नाही, कारण त्याचे पंख थर्माकोलचे होते आणि वळताना वाकायचे.

हे सगळं ते जीप चालवताना सांगायचे. पुढच्या सीटवर तीन माणसं, मागं बकऱ्यासकट बारा, आणि ऐकण्यावाचून कुणाची सुटका नाही. एकदा मंचरच्या एका लग्नघरच्या पाहुण्यानं म्हटलं, "भाऊ, टीव्हीतला काय वाईट न्हाई." दाजींनी कळंबच्या अलीकडं जीप थांबवली आणि त्याला आहेराच्या पातेल्यासह खाली उतरवलं. "उतरा पावणं. तुमी एस्टीनं या. एस्टीत टीव्हीवालेच बसत्यात." माणूस बिचारा पातेलं डोक्यावर घेऊन उन्हात उभा राहिला. रणगरुडाच्या बाबतीत दाजींना दया माहीत नव्हती.

मराठीतल्या शेवटच्या पुस्तकाचं नाव होतं 'रणगरुडाचा अंत'. दाजी तेव्हा दहावीत होते. त्यांचे जिवलग दोस्त किशोरशेठ नारायणगावच्या स्टँडसमोर वडलांच्या किराणा दुकानात एका फळीवर अशी पुस्तकं भाड्यानं द्यायचे. किशोरशेठांचे पणजोबा राजस्थानातून आले. ते स्वतः मात्र भांडतात नारायणगावच्याच मराठीत. दोघांनी दुकानाच्या पायरीवर बसून ते पुस्तक वाचलं. शेवटच्या चित्रात डोंगर कोसळलेला, आणि दगडांतून फक्त एक हात वर आलेला. बस्स. त्यानंतर नारायणगावात रणगरुडाचं पुस्तक पुन्हा कधी आलं नाही. मेलेल्या माणसाचं कसं येणार?

दाजी नदीवर गेले आणि त्यांनी डोकं भादरलं. किशोरशेठ कपडे धरून काठावर उभे होते. दाजी घरी गेले तेव्हा वडील ओट्यावर बसलेले. आपण जिवंत असताना मुलानं डोकं भादरलेलं बघून ते ताडकन उठले.

"कोण गेलं रं?"

"रणगरुड."

वडलांनी ठिबकची नळी ओढून काढली आणि दाजींना बडवत नदीपर्यंत परत नेलं. पण दाजींनी सुतक मोडलं नाही. दहाव्याला किशोरशेठांनी घरून बुंदी आणली आणि दोघांनी ती न बोलता खाल्ली.

पुढं दाजींचं लग्न झालं, जीप आली, आणि मग रणगरुडाचा तो हिंदी सिनेमा आला. दोघं दोस्त मिळून नारायणगावला बघायला गेले. मीही होतो. टीव्हीसारखी ही मरणाआधीचीच गोष्ट असेल, या भरवशावर दाजी शांत बसले होते. पण पडद्यावर रणगरुडाला बायको होती, शाळेत जाणारं पोर होतं, कानशिलं पांढरी झाली होती, आणि मुखवटा काढून तो बर्फात नाचत होता.

दाजी उभे राहिले. "बंद करा रं. हा मेलाय."

"खाली बस की राव," मागून कुणीतरी ओरडलं.

"मी ह्याचं सुतक पाळलंय. ह्याला नाचवणारे तुमी कोण?"

डोअरकीपरनं आम्हाला बाहेर काढलं. किशोरशेठ मात्र सिनेमा संपवूनच आले. तोंडभर हसत म्हणाले, "पंख काय झाक केल्यात रे."

दाजी म्हणाले, "तू काठावर माझी कापडं धरली व्हतीस."

"आरं, ते पुस्तक, हा पिक्चर. तुझा मेला, माझा जिता. काय बिघडलं?"

"मग तुझा माझा संबंधबी मेला."

दाजींचं सुतक खोटं, असं त्या दिवशी त्यांच्या एकुलत्या एका साक्षीदारानं सांगितलं होतं, आणि ते त्यांना सोसलं नाही. जीपचा थांबा नेमका दुकानासमोर. रोज सकाळी दोघं समोरासमोर, आणि अक्षर नाही. किशोरशेठ गिऱ्हाइकाला मुद्दाम मोठ्यानं सिनेमाची गोष्ट सांगायचे. दाजी मुद्दाम हॉर्न दाबून धरायचे. घरात चहाची पूडसुद्धा मंचरहून यायची. ताई म्हणायची, "सोयरे तुटलं तर जोडता येत्यात. ह्यांचं काय जोडू मी?" जीपमध्ये आता दाजी रणगरुडाविषयी काहीच बोलत नसत, आणि हे उतरवून देण्यापेक्षाही वाईट होतं.

यंदा पुण्यात रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांत मला 'रणगरुडाचा अंत' सापडलं. आतल्या पानावर बारीक अक्षरांत होतं, 'भाग पहिला'. आणि त्या हाताच्या चित्रानंतर आणखी एक पान होतं. पुस्तकं टिकावीत म्हणून किशोरशेठ आतलं पहिलं आणि शेवटचं पान द्राक्षाच्या पेटीच्या पुठ्ठ्याला खळीनं चिकटवून टाकत. शेवटच्या पानावर नेहमी पेन्सिलींची जाहिरात असायची. या एकाच पुस्तकात गोष्ट त्या पानापर्यंत गेली होती, आणि दाजींनी वाचलं तेव्हा तेच पान पुठ्ठ्याला चिकटलेलं होतं.

दुसऱ्या भागासाठी मी फिरफिर फिरलो. तो मराठीत निघालाच नाही, असं एका म्हाताऱ्या विक्रेत्यानं सांगितलं. मला तेव्हा जो राग आला तो अजून गेलेला नाही. माणूस दगडाखाली ठेवायचा, छापखाना बंद करायचा, आणि खेड्यापाड्यांत कोण वाट बघत असेल याचा विचारही करायचा नाही.

सकाळी थांब्यावर मी ते पुस्तक दाजींच्या हातात दिलं. जीप भरलेली, इंजिन चालू. शेवटच्या पानावर दगड सरकले होते आणि मुखवट्यामागचा एक डोळा उघडा होता. खाली लिहिलं होतं, 'पुढील भागात'.

"चला की भाऊ," मागून एक जण म्हणाला, "कोर्टाची तारीख हाय घोडेगावला."

दाजींनी इंजिन बंद केलं. "म्हंजी पिक्चरवाल्यांना म्हाईत व्हतं."

"असेल."

"तरीबी पिक्चर भिकार हाय." त्यांनी त्या डोळ्यावर बोट ठेवलं. "कसा निघाला त्यातनं?"

"दुसरा भाग नाही मिळाला, दाजी."

पुस्तक घेऊन ते खाली उतरले आणि त्यांनी रस्ता ओलांडला. किशोरशेठ साखर जोखत होते. दाजी पायरीशी थांबले, वर चढले नाहीत.

"किशोर, जित्ता हाय तो."

किशोरशेठांचा हात तसाच राहिला. कोण, असं त्यांनी विचारलं नाही.

"कुठं हाय आता?" ते म्हणाले.