खिळ्याचं शेवटचं कडवं

खिळा आणि मी पत्र्याचे डबे बनवायच्या कारखान्यात एकाच प्रेसवर होतो. तो पत्रा सरकवायचा, मी दाब द्यायचो. साबण लावून केस ताठ उभे करायचा, म्हणून खिळा. पंक रॉक तेव्हा नुकतंच आमच्या कानावर आलं होतं. तीन सूर, बाकी आरडाओरडा. मला ते कधी आवडलं नाही. पण पाळी संपल्यावर गोदामात बसून तो बोटं सोलवटेपर्यंत गिटार वाजवायचा, हे मी पाहिलं आहे. मेहनतीला मी नावं ठेवत नाही.

त्याचं स्वतःचं गाणं एकच. प्रेसखात्यातल्या बंद पंख्यावर. चार कडवी. चौथ्यासाठी त्याने सगळ्यांत जास्त डोकं फोडलं. कारखान्याच्या वार्षिक कार्यक्रमात बँडने ते सुरू केलं, दुसरं कडवं संपलं आणि फोरमनने मेन स्विचचा दांडा खाली ओढला. अंधार. पुढे बँड फुटला, खिळ्याचं लग्न झालं, केस गेले. चौथं कडवं कुणी ऐकलंच नाही.

यंदा त्या काळावर सिनेमा काढणारी मंडळी आली. कारखाना, पंक, मिसरूड फुटलेली चार पोरं. खिळ्याने त्यांना अख्खं गाणं लिहून दिलं. त्यांनी त्याला काम दिलं फोरमनचं.

"जन्मभर ज्याला शिव्या घातल्या, त्याचीच टोपी घाला आता," वहिनी म्हणाली.

"घालतो. गाणं तर पुरं होईल."

"झालं पुरं, तर पंखा फिरणार आहे का?"

शूटिंगला मी गर्दीत बसलो होतो. पोरं नट होती, पण खरंच वाजवत होती. महिनोन्महिने शिकली होती म्हणे. हात बरे चालत होते. दुसरं कडवं संपलं. खिळ्याने दांड्यावर हात ठेवला, पण ओढला नाही.

पोरं आपोआप थांबली.

"अरे, वाजवा की पुढे!" खिळा ओरडला.

गाणारा पोरगा गोंधळला. "पुढे काय, काका? आमचं इथपर्यंतच बसवलंय. इथे तुम्ही स्विच पाडता ना."

"आणि राहिलेली दोन कडवी?"

"अजून आहेत?"

दिग्दर्शिका धावत आली. "काका, ती वाचलीत मी. छान आहेत. पण गाणं तुटल्याशिवाय आपली गोष्ट पुढे कशी सरकणार?"

"मी नाही पाडला स्विच तर?"

"मग दुसऱ्या कुणाला तरी पाडावा लागेल."

खिळा तडक माइकपाशी गेला आणि चौथं कडवं म्हणायला लागला. दुसऱ्याच ओळीला दम लागला. साथ द्यायला पोरांनी हात उचलले, पण सूर ठाऊक नव्हते. उचललेले हात तसेच राहिले. खोकला थांबल्यावर तो आपल्या जागेवर गेला.

पुन्हा गाणं. दुसरं कडवं संपलं. त्याने दांडा असा ओढला की मागची फळी खिळ्यांसकट उखडून आली.

"काय राग आणलात चेहऱ्यावर, काका!" दिग्दर्शिका खूश झाली. "एकदम ओके."

खिळ्याने टोपी काढून माझ्या हातात कोंबली. घामाने निथळत होता.

"पंखा लावा रे कुणीतरी," तो म्हणाला.

वर पंखा होता. पुठ्ठ्याचा.