राठोडच्या वर्गातल्या अर्ध्या पेन्सिली

केंद्रप्रमुखांनी पहिली ‘अ’ची वही उचलून उजेडात धरली. पानाला दोन ठिकाणी भोकं होती.

“हे लिहिलंय का नांगरलंय?”

‘अ’ म्हणजे माझा वर्ग. मग त्यांनी ‘ब’च्या, म्हणजे राठोड सरांच्या वर्गाच्या वह्या बघितल्या. अक्षर बारीक, रेघेत. मुख्याध्यापकांना म्हणाले, “दिवाळीनंतर येतो. फरक दिसला न्हाई तर ‘अ’ राठोडला द्या, ‘ब’ नव्या शिक्षकाला. ह्यांना खिचडीवर लक्ष ठेवू द्या.”

हिंगोली जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. शाळा पुसेगावच्या बाजूची. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.ए., तेही सेकंड क्लासात. राठोड बारावी-डी.एड. त्याच्याकडं तांड्यावरची लेकरं, बालवाडी न बघितलेली. माझ्याकडं गावातली, बालवाडी झालेली. तरी अक्षर त्याच्याच वर्गाचं! डब्यातली भाकरी गोड लागेना मला.

“राठोड सर, करता तरी काय तुमी?”

“काही न्हाई सर. आपला हात लागला की अक्षर सुधरतं.”

अंगाची आग झाली.

पेन्सिल धरायची रीत साधी आहे. अंगठा आणि पहिल्या बोटाची चिमटी, खाली मधल्या बोटाचा टेकू. मग बोटं हलतात, अक्षर वळतं. माझी लेकरं ताकाची रवी धरावी तशी मुठीत धरायची. मुठीत बोटं बंद होतात, सगळा दंड हलतो, दाब वाढतो, पान फाटतं. मी एकेकाची बोटं बसवायचो. पाठ वळली की परत मूठ.

खडू मागायच्या निमित्तानं मी राठोडच्या वर्गात चकरा मारू लागलो. शिकायला नाही, खोट काढायला. आणि सापडली. एकाही लेकराकडं धड पेन्सिल नव्हती. सगळे बोटाएवढे तुकडे.

“पेन्सिली तरी घ्यायला लावा की लेकरांना!” मी सगळ्यांसमोर बोललो.

राठोड तडकला. “एक पेन्सिल आली की माय विळ्यानं तोडून भावंडांत वाटती. तुमाला काय तकलीफ?”

मी उलट बोलणार, तेवढ्यात समोरच्या पोरीच्या हाताकडं नजर गेली. एवढासा तुकडा मुठीत धरला तर टोकच मुठीत जातं. चिमटीत धरण्यावाचून तिला इलाजच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी करवतीचं पातं नेलं आणि ‘अ’च्या सगळ्या पेन्सिली कापल्या. संध्याकाळी माझ्या वर्गातल्या शीतलचा बाप दारात.

“मास्तर, नवी कोरी पेन्सिल, वर रबर व्हतं. काहून तोडली?”

“रबरवाला तुकडा बी तिच्याच दप्तरात हाय.”

“आमची पोरं तांड्यावरची समजून राहिले का?”

“तांड्यावरच्या पोरांसारखं अक्षर पाहिजे का न्हाई तुमाला?”

तो पुटपुटत गेला.

सुरुवातीला तुकडे हातातून निसटायचे, लेकरं रडायची. चिमटीत जोर यावा म्हणून मी त्यांना चिंचोके उचलून बाटलीत टाकायला लावले. हळूहळू दंड थांबला, बोटं हलायला लागली. शीतलचा ‘क’ रेघेत बसला त्या दिवशी मी ती वही उगाच राठोडच्या दारावरून फिरवून आणली.

दिवाळीनंतर केंद्रप्रमुख आले. पान उलटून मागून बोट फिरवलं. दाब उमटलेला नव्हता.

“वा! वर्ग ठेवा तुमच्याकडंच.”

मी कॉलर नीट केली.

“राठोड सरांकडून शिकलात म्हणजे. शाब्बास राठोड!”

“मी म्हणालोच व्हतो सर,” राठोड म्हणाला, “हात लागावा लागतो.”

दोन महिने त्याचा हात माझ्या वर्गाला लागला नव्हता. पण केंद्रप्रमुख हसत त्याच्या पाठीवर थाप मारत होते, आणि मी वह्या गोळा करत होतो.

आता नवे शिक्षक विचारतात, तेव्हा मी सांगतो. पहिलीच्या लेकराला बोटापेक्षा लांब पेन्सिल देऊ नका. आणि शेजारच्या वर्गावर जळायचंच असेल तर दारातून जळू नका. आत जाऊन लेकरांचे हात बघा.

राठोडला मात्र त्याच्या वर्गाचं अक्षर कशामुळं चांगलं होतं, हे मी आजपर्यंत सांगितलेलं नाही.