न्हाणीमागचं अळू

लग्न होऊन अवसरी बुद्रुकला आले आणि पहिल्याच श्रावणात मी अख्ख्या पंगतीचे घसे धरले. नणंदेला बघायला मंडळी आली होती. सासूबाई म्हणाल्या, "अळूवड्या कर. न्हाणीमागली पानं आण."

न्हाणीमागं अळवाचा वाफा होता, घरादाराच्या अंघोळीच्या पाण्यावर पोसलेला. मी जुन्नरच्या बाजारपेठेतली, नळाच्या पाण्यावर वाढलेली पोर. दीर चुळा टाकतात त्या पाण्यावरची पानं पाहुण्यांना घालायची? छे! मी गुपचूप ओढ्यावर गेले. तिथं झुळझुळत्या स्वच्छ पाण्यात सुपाएवढी पानं उभी, टोकं बाणासारखी निमुळती. केवढी शहाणी मी! ते रानअळू होतं. त्यात चिंचेनं रंग काळा पडतो म्हणून चिंचही नावालाच लावली.

पहिल्या घासाला वाहवा झाली. दुसऱ्याला एक जण खाकरला, मग शेजारचा, मग सगळी पंगत. मुलाचे चुलते देण्याघेण्याचं बोलायला म्हणून खास आले होते. त्यांनी तर ताकाचा तांब्याच तोंडाला लावला. सोयरीक मात्र जमली. सासूबाई शेवटपर्यंत सांगायच्या, "हुंडा मागायला त्यांच्याकडं घसाच ऱ्हायला न्हवता."

तेव्हापासून आमच्या घरात नियम झाला. वडी जिनं केली, तिनं पहिली खायची. बाकीच्यांनी तिच्या तोंडाकडं बघत थांबायचं. आणि सासूबाईंनी वाफा माझ्या हवाली केला. "काळ्या देठाचं पान वडीला, हिरव्या देठाचं भाजीला. ओढ्यावरचं पान पावसात डोक्यावर धरायला. आता ध्यानात ऱ्हाईल न्हवं?"

राहिलं.

यंदा मुलानं अंगणात पेव्हर ब्लॉक टाकायचं ठरवलं. न्हाणीचं पाणी पाइपातून गटाराला आणि वाफा ब्लॉकखाली. मला कुणी विचारलं नाही. सकाळी ब्लॉकची ट्रॉली दारात लागली, तशी मी प्लॅस्टिकची खुर्ची उचलली, अळवाच्या मधोमध ठेवली आणि बसले. पानं खांद्याला लागत होती.

"आई, ऊठ. माणसं खोळंबलीत," मुलगा म्हणाला.

"मग चहा दे त्यांना."

"अगं, घाण पाण्यावरची भाजी ती. कोण खातं आता?"

मला हसूच फुटलं. तीच ती मी, जुन्नरची शहाणी, मिशा लावून समोर उभी!

"घाण कुणाची रे? तुझीच की! तुझ्या बारशाच्या आधीपासून तुझ्या अंघोळीचं पाणी पितंय हे अळू."

"मच्छर होतात."

"मच्छर साचल्या पाण्यात होतात. हे अळू थेंब तरी साचू देतंय का?"

ठेकेदार पुढं आला. "आजी, जरा कडंला सरका. जेसीबी आत घ्यायचाय."

"घे की. खुर्चीसकट उचल मला. बघायला गाव येईल."

तो बिचारा मागं सरला. मग मी मुलाला म्हटलं, "असं करू. आत्ता ओढ्यावरची पानं आणते. लई स्वच्छ पाणी! चिंच न लावता वड्या करते. पहिली तू खायची. तुझा घसा धरला न्हाई, तर पहिला ब्लॉक मी माझ्या हातानं बसवीन."

त्या पंगतीची गोष्ट तो लहानपणापासून ऐकत आलेला. ट्रॉलीवरची माणसं खो-खो हसायला लागली. ठेकेदारानं हातातली आखणीची दोरी सैल सोडली आणि विचारलं, "भाऊ, मग कुठवर सोडायचं?"

"ती बसलीय तेवढं सोडा," मुलगा घरात जाता जाता म्हणाला.

"आणि न्हाणीचं पाणी इकडंच राहील!" मी ओरडले.

शेवटचा ब्लॉक बसेपर्यंत मी उठले नाही. माणसांचा काय भरवसा? पायांना मुंग्या आल्या, कंबर धरली, पण चहा तिथंच मागवला, जेवणही तिथंच.

संध्याकाळी सूनबाई विळा घेऊन वाफ्याशी आली. पुण्यात वाढलेली, आजवर इकडं फिरकली नव्हती. देठ वाकवून वाकवून बघत म्हणाली, "आई, कोणती पानं घ्यायची ते नीट दाखवा. रविवारी माझ्या माहेरची येणारेत, आणि पहिली वडी मलाच खायची आहे."