चार सतरंज्या

चित्रकलेचा मास्तर म्हणून निवृत्त झालो आणि दोन महिन्यांत आमच्या नगरपंचायतीने मला सांस्कृतिक सल्लागार समितीवर घेतलं. समितीत आम्ही सात जण. बैठक व्हायची ती नव्या कचराकुंड्या रचून ठेवलेल्या खोलीत. अधिकार म्हणाल तर सल्ला देण्याचा. तो देऊन झाला की चहा यायचा आणि चहा झाला की बैठक संपायची. याचा मला फार राग यायचा. तीस वर्षं पोरांना सरळ रेघ मारायला शिकवलेला माणूस मी, नुसता सल्ला देऊन माझं पोट भरत नव्हतं.

मग मुख्याधिकारी नवे आले आणि त्यांनी ठरवलं, की गावातल्या सगळ्या समाजांच्या कला एका मंचावर आणायच्या. गावात पार्ट्या चार: खंजेरीवाले भजनी मंडळ, दरवर्षी गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यात हजेरी लावणारी कव्वाली पार्टी, विहारातली भीमगीतांची पार्टी आणि गडीच बाया होऊन नाचतात ती दंडार. मी ताबडतोब नियमावली लिहायला घेतली. त्यातला पाचवा नियम माझा लाडका. एका कलाकाराने एकाच पार्टीत नाव द्यावं. जास्त ठिकाणी दिल्यास त्या सगळ्या पार्ट्या बाद. दरवेळी तेच ते चेहरे पुढे येतात, ते बंद व्हावं, असा माझा उदात्त हेतू. समितीने नियम बिस्किटं खाता खाता मंजूर केला.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडजवळ सायकलचं पंक्चर काढायला थांबलो. तिथला सायकलवाला साठीचा, एकटा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. पंधरा वर्षं मी त्याच्याकडे जातोय. पाण्यात ट्यूब बुडवत तो म्हणाला,

“मास्तर, एक मानूस एकाच पार्टीत, असा कायदा केला म्हनते तुमी?”

“केला.”

“समजा एखादा गडी चार ठिकानी वाजवून राह्यला असन तं?”

“त्याने एक ठिकाण निवडावं.”

“मंग बाकीच्या दिवसाच्या त्याच्या जेवनाचं?”

तालमीनंतर वाजवणाऱ्याला जेवू घातल्याशिवाय सोडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. ती मला ठाऊक होती. पण मला वाटलं, तो गंमत करतोय. मी त्याला विविधता म्हणजे काय ते सविस्तर समजावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि चाकात हवा भरून दिली.

अर्ज आले. छाननी माझ्याकडे. ढोलकवादकाच्या रकान्यात भजनी मंडळाने लिहिलं होतं ‘बुवा’, कव्वालीवाल्यांनी ‘उस्ताद’, विहारातून ‘मामा’ आणि दंडारवाल्यांनी ‘दादा’. नुसत्या हाका लिहिल्यात म्हणून मी चिडलो आणि भजनी मंडळाच्या अध्यक्षांना पूर्ण नाव विचारलं. ते डोकं खाजवत म्हणाले, “वीस वर्सं झाले बुवाच म्हनतो, मास्तर. नाव इचारून थोडीच वाजवाले बसवते कोनी!” बाकी तिघांनीही कमीअधिक हेच सांगितलं. सगळे जरा घाईघाईतच सटकले, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते भलतंच. एवढ्याशा गावात चार ढोलकवादक, तेही चार समाजांचे! मी मुख्याधिकारी साहेबांना सल्ला दिला, की कार्यक्रमाची सुरुवात या चौघांच्या एकत्र वादनाने करू. साहेब खूश. जवळच्या जाम गावच्या चौकातून बॅनर छापून आणलं: ‘चार समाज, चार ढोलक, एक मंच’. शब्द माझे. यातल्या एकाही पार्टीची तालीम मी कधी ऐकलेली नव्हती. कलेबद्दल सल्ला द्यायचा तर कला ऐकावी लागते, असं आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

थंडीतली दुपार. बाजाराचं पटांगण भरलेलं. मंचावर चार सतरंज्या, त्यांवर चार ढोलक. माइक माझ्या हातात.

“भजनी मंडळाचे बुवा!” मी पुकारलं. धुतलेला पांढरा सदरा घालून आमचा सायकलवाला वर आला आणि नमस्कार करून पहिल्या सतरंजीवर बसला. मला आनंदच झाला, ओळखीचा माणूस निघाला.

“कव्वाली पार्टीचे उस्ताद!” तो उठला आणि दुसऱ्या सतरंजीवर जाऊन बसला. मला वाटलं, आधी जागा चुकली असेल.

“भीमगीतांच्या पार्टीचे मामा!” तो गुडघ्यावर हात टेकून पुन्हा उठला आणि तिसऱ्या सतरंजीवर गेला. पटांगणात हसू फुटलं. दंडारवाल्यांच्या दादांना मी पुकारलंच नाही. तो आपणहून सरकला.

सगळ्या गावाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त समितीला.

साहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, “तुमच्या पाचव्या नियमाचं काय? चारही पार्ट्या बाद होतायत.” मी वळून पाहिलं. तो साहेबांकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता, आणि हात ढोलकावर नुसते ठेवलेले. तेव्हा कुठे मला ती पाण्यातली ट्यूब आणि तो जेवणाचा प्रश्न आठवला. माझी मलाच शरम वाटली.

“साहेब,” मी म्हणालो, “आमची समिती फक्त सल्ला देते. नियम करायचा अधिकार आम्हाला कुठे आहे? पाचवा नियमसुद्धा सल्लाच होता. तो मी परत घेतो.” ज्या गोष्टीचा इतके दिवस रागराग केला, तिनेच वेळेला अब्रू राखली. साहेबांनी एकदा बॅनरकडे पाहिलं, हसू दाबलं आणि म्हणाले, “होऊ द्या.”

तो चारही पार्ट्यांत वाजवत राहिला, दरवेळी ज्याची त्याची सतरंजी गाठून. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण प्रत्येक ठिकाणी तो तिथलाच वाटला. दंडारीच्या वेळी तर साहेबांचा पायही हलत होता.

दिवेलागणीला घरी निघालो, तर तो दुकानाच्या फळीवर बसलेला. समोर चहा आणि दोन बिस्किटं.

“जेवलात का?”

“नाई ना, मास्तर. रोज एकेकाची तालीम राह्यते, तं एकेकाचं घर राह्यते. आज चारही एका जागी होते. भजनवाल्याइले वाटलं, उस्ताद तिकडं जेवन करते. कव्वालीवाल्याइले वाटलं, मामाचं विहारात हाय.”

मी कपाळावर हात मारून घेतला. चार समाज, चार ढोलक, एक मंच, आणि वाजवणारा उपाशी. त्याला तसाच सायकलच्या कॅरिअरवर बसवून घरी आणलं. बायकोने काही न विचारता ताट वाढलं आणि “भाऊजी, लाजू नका” म्हणून आणखी एक भाकर टाकली. झाली पाचवी हाक.

माझ्या पिशवीत समितीचं प्रशस्तिपत्र होतं, नावाची जागा कोरी. “पूर्ण नाव सांगा,” मी म्हणालो. त्याचा घास हातातच राहिला. मग शाळेतलं पोरगं हजेरी देतं तसं त्याने आडनावासकट सगळं नाव सांगितलं. मी ते वळणदार अक्षरात लिहून दिलं. त्याने हात पुसून कागद घेतला आणि बराच वेळ वाचला.

“रासन कार्ड झालं तवापासून कोनी इचारलंच नव्हतं,” तो म्हणाला.

पंधरा वर्षांत मीही विचारलं नव्हतं. बायको आतून म्हणाली, “भाऊजी, शुक्रवारी कुठं तालीम नाई ना? मंग शुक्रवारी इकडंच येत जा.”

“पन वहिनी, न वाजवता फुकट कसं जेवू?”

म्हणून आता दर शुक्रवारी तो आधी तासभर ढोलक वाजवतो. मी समोर बसून ऐकतो. सल्ला देत नाही.