दाजींनी पोल्ट्रीवाल्याला जेवू घातलं

जगात राग येण्याजोग्या जेवढ्या गोष्टी असतील, त्या सगळ्यांवर समोरच्याला जेवायला बोलावणं हा एकच उपाय आहे, अशी माझ्या थोरल्या साडूंची पक्की समजूत. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. इगतपुरीला रेल्वेत नोकरी करून ते निवृत्त झाले आणि नाशिकजवळच्या आमच्या गावात, आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आले. वायरमनने घरभर अंधार करून ठेवला, तर दाजींनी त्याला पिठलं-भाकरी वाढली. बांधावरून भांडायला आलेला शेजारी जाताना लोणच्याची बरणी घेऊन गेला. आवाज मात्र असा, की नुसतं "ताक घ्या" म्हणाले तरी पाहुणा दचकून उभा राहायचा.

मग आमच्या मागे मोठी पोल्ट्री झाली. लांबच लांब शेड, हजारो कोंबड्या आणि विष्ठेचा ढीग नेमका आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला. वारा फिरला की खिडक्या लावून बसायचं, चहाच्या कपावर बशी झाकायची. दाजी वणीच्या लेकीला फोनवर ओरडून सांगायचे, "आज वारा तिकडचा हाय, जेवण गोड लागंल!" आम्ही हसायचो. पण पावसाळ्यात विहिरीच्या पाण्याला वास येऊ लागला, आमची लहानगी पोटाने सारखी आजारी पडू लागली आणि हसणं थांबलं. डॉक्टर म्हणाले, आधी पाणी बदला. मी तक्रार करायला निघालो.

"कराच," दाजी म्हणाले, "पण त्याआधी त्याला जेवू घालतो."

मालक नाशिकला राहायचा. गाडीच्या काचा वर करून यायचा, तसाच जायचा. दाजी सरळ गाडीपुढे उभे राहिले आणि त्याला आणून अंगणात पाटावर बसवलं. मेथीची भाजी, बाजरीची भाकरी, वर तूप. पहिला घास उचलायच्या आत ताट माश्यांनी काळं झालं.

"आत बसू या का?" तो अवघडून म्हणाला.

"आत पण ह्याच हायेत," दाजी टॉवेलने वारा घालत म्हणाले.

त्याने पाण्याचा पेला उचलला, तोंडाजवळ नेला आणि थबकला. दाजींनी चटकन पेल्यावर हात ठेवला. "नका पिऊ. आमची पोरगी हेच पीत होती." इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं.

त्याने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही हो."

"म्हणून तर बोलावलं."

ढीग दूर, पक्क्या ओट्यावर, पत्र्याखाली गेला. विहीर पुन्हा पुन्हा उपसली, पाणी तपासून घेतलं आणि ते चांगलं निघेपर्यंत त्याचा टँकर येत राहिला. वास अजूनही कधीमधी येतो, पण आमची लहानगी बरी झाली. मी आभार मानायला गेलो, तर दाजी माझ्यावरच खेकसले.

आता गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे ते वणीला लेकीकडे असतात. काल आमची मुलगी तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली आणि ओल्या हातानेच तोंड पुसत खेळायला पळाली. तिला ते दिवस आठवतही नाहीत. मी मात्र शेजारच्या कुलूपबंद दाराकडे बघत अंमळ उभा राहिलो.