ओवी संपल्यावरचा श्वास

केळीच्या बागा मागे पडल्या आणि वाट दगडांची झाली. आडगावला एसटीतून उतरल्यापासून वच्छलाबाई पुढे आणि त्यांची सून मेघा मागे, असंच चाललं होतं. एरवी उलटं असायचं. मनुदेवीच्या दर्शनाला येताना मेघा झपाझप पुढे जायची आणि सासू मागून ओरडायची, "देवी काय पळी जास का वं?"

आज मेघाच मागे राहत होती. चेहरा दिसू नये म्हणून.

आडगावला चहा घेताना दीपनगरहून तिच्या नवऱ्याचा, भूपेंद्रचा फोन आला होता. आईच्या लिव्हरमधल्या गाठीचा रिपोर्ट आला होता. मेघाच्या मोबाइलवरही पाठवला होता. गाठ वाईट निघाली. कॅन्सर. "पण लहान आहे, लवकर हाती लागली, इलाज होईल म्हणाले डॉक्टर," भूपेंद्र म्हणाला. मग आवाज खाली आणून, "आईला काही बोलू नकोस. साधी गाठ आहे म्हण."

मेघा 'बरं' म्हणाली खरी. पण वच्छलाबाईंपुढे खोटं बोलायचं म्हणजे जीव मुठीत धरायचा. सासरे रुपचंदनाना गेल्यावर या बाईने उन्हाळाभर ज्वारीचे पापड, बिबड्या, घालून घर चालवलं. अमळनेरच्या आळीत गिऱ्हाईक दारात आलं, की आधी स्वतःच सांगायची, "औंदा जराशा कडक झाल्यात बरं का, तळताना ध्यान ठेवा." लोक हसायचे आणि तिच्याचकडून घ्यायचे.

पोट जड वाटतं म्हणून तपासायला गेल्या, तिथून सगळं सुरू झालं. एमआरआयमध्ये बोराएवढी गाठ स्वच्छ दिसली. तिचा तुकडा सुईने काढायचा, तर सुई सोनोग्राफीवर बघत घालायची असते, आणि सोनोग्राफीत ती गाठ काही केल्या दिसेना. पहिल्या डॉक्टरांनी सरळ हात जोडले. "न दिसणाऱ्या जागी मी सुई घालणार नाही," म्हणाले.

मग जळगावला योगेंद्र डॉक्टरांकडे गेल्या. त्यांच्या मशीनवर एमआरआयचं चित्र सोनोग्राफीच्या चित्रावर बसवता येत होतं. पोटावरचा डॉक्टरांचा हात हलला की दोन्ही चित्रं सोबत हलायची. सासूने हात सोडला नाही म्हणून मेघालाही आत उभं राहू दिलं होतं. ती घरी ब्लाउज शिवते. तिला लगेच उमजलं. अस्तर कापडावर बसवतात तसंच हे. खुणेला खूण जुळली, की टाचणी मारायची.

पण खुणा जुळेनात. एमआरआय काढला तेव्हा श्वास सोडून थांबायला सांगितलं होतं. इथे डॉक्टर "श्वास रोखा" म्हणाले, की वच्छलाबाई छाती गच्च भरून घ्यायच्या. जन्मभर डोक्यावर कापसाची गाठोडी उचललेली. रोखायचं म्हणजे आधी भरायचं, हेच अंगात मुरलेलं. छाती भरली की लिव्हर खाली सरकायचं आणि दोन चित्रांत दोन बोटांचं अंतर पडायचं.

"सोडा, आजी. सोडून मग थांबा."

वच्छलाबाई सोडायच्या आणि लगेच दुप्पट घ्यायच्या. तीन-चारदा तसंच झालं. त्यांचा चेहरा रडवेला झाला. "मन्हाघाई व्हत नही, डॉक्टरभाऊ."

डॉक्टरांनी हातातलं सगळं बाजूला ठेवलं. घाई केली नाही. थोडं थांबून म्हणाले, "माझी आजी बोदवडची. पहाटे दळायची. तुम्हाला जात्यावरची ओवी येते का?"

"येस ना. पण आठे?"

"इथेच. एका दमात म्हणा. ओळ संपली की तिथेच राहा. नवा दम मी सांगेन तेव्हा."

त्या पांढऱ्या खोलीत वच्छलाबाईंनी डोळे मिटले.

"माय मन्ही मनुबाई, डोंगरनी आड बसनी वंऽऽ"

'वं' लांबत लांबत विरला. दम सगळा बाहेर गेला आणि बाई तशीच निवांत राहिली. पडद्यावर एक चित्र दुसऱ्यावर अलगद येऊन बसलं. मेघाने बघितलं आणि मनात देवीला हात जोडले. दुसऱ्या ओवीच्या शेवटी सुई आत गेली, तिसरीच्या शेवटी तुकडा निघाला. नर्सबाई म्हणाली, "मावशी, चौथी आमच्यासाठी म्हणा." वच्छलाबाई निजल्या निजल्या म्हणाल्या, "फुकट नही. च्या पाज पहिले."

ते आठवून मेघाला आता हसूही आलं आणि रडूही. पदराने डोळे पुसले आणि वर बघते तो वच्छलाबाई थांबलेल्या. कोरड्या नाल्यातल्या एका मोठ्या दगडावर टेकून तिच्याकडेच बघत होत्या.

"भूप्याना फोन व्हता ना?"

"हो, आई. सहजच केला होता. पोचलो का विचारत होते."

"मेघा." आवाजात राग नव्हता. "तू मन्हा मागे चालाले लागनी ना, तठेच समजनं माले. तेनी सांगं व्हई, आईले बोलू नको."

मेघाने नजर वळवली. समोर सातपुड्याच्या कुशीत देवळाचा भगवा झेंडा दिसत होता.

"देवीम्होरे उभी राहसू, तं मागू काय? साधी गाठ व्हई तं ओटी भरसू, पाया पडसू, घर जासू. वाईट व्हई तं मागनं पडी. ती माय शे, तिन्हापुढे येड्यासारखी कशी उभी राहू?"

त्यांनी सरकून दगडावर जागा केली आणि मेघाचा हात धरून तिला खाली बसवलं.

"काढ तो मोबाइल. बठ्ठं वाच, काही गाळू नको. नि रडू नको, बेटा. तू रडनी तं माले ऐकाले येत नही."