हलक्या हाताचा ऑर्गन

"हात गेला माझा, ताई," लहानूदादा म्हणाला आणि त्याने दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. जणू मी डॉक्टरच.

मी डॉक्टर नाही. मी सिंथेसायझरमध्ये आवाज बनवते. वाणगावला घराच्या मागच्या खोलीत माझं काम चालतं. "ही दिवसभर एकच पट्टी दाबत बसते आणि लोक त्याला काम म्हणतात," असं माझ्या सासूबाई पाहुण्यांना सांगतात. त्यांचं अगदीच चूक नाही.

दारात दिनेश उभा होता. तलासरीच्या ज्या लग्नाच्या बँडमध्ये लहानूदादा कीबोर्ड वाजवतो, त्या बँडचा हा मालक. किती वेळा बोलावलं तरी आत येईना.

"झरीच्या लग्नात काय झालं ते सांग ना मॅडमना," दिनेश म्हणाला.

"तूच सांग."

"नाचता नाचता लोक उभेच राहिले, मॅडम. हा वाजवतोय आणि बाया-बाप्ये एकमेकांची तोंडं बघतायत. ती धवलेरी आहे ना, लग्न लावणारी म्हातारी, ती सगळ्यांसमोर म्हणाली, लहानू म्हातारा झाला."

"खरंच बोलली ती," लहानूदादा म्हणाला.

ज्या टोनवर हे झालं, तो टोन मीच बनवून दिला होता, आणि माझ्या मते तो माझा त्या वर्षातला सगळ्यात चांगला टोन होता.

टोन म्हणजे काय ते सांगते. तुम्ही सत्तरच्या दशकातलं इंग्रजी रॉक कधी ऐकलं असेल, तर त्यात गिटारच्या मागे एक भारदस्त, गुरगुरणारा ऑर्गन असतो. त्या ऑर्गनच्या पोटात लोखंडी दातेरी चकत्या फिरतात. चकत्यांमधून सूर निघतात. वर ओढायच्या दांड्या असतात. जी दांडी जितकी ओढाल, तितका तो सूर मिसळतो. आमटीत आपण चिंच-गूळ बेताने घालतो तसं. मग तो आवाज कपाटाएवढ्या एका स्पीकरमध्ये जातो. त्या कपाटात भोंगा फिरत असतो, म्हणून आवाज डोलतो. फिरण्याचा वेग वाढवला की डोलणं वाढतं. वर ॲम्प्लिफायरला झेपेल त्यापेक्षा जास्त आवाज त्यात कोंबायचा, की तो गुरगुरतो. हे सगळं धूड उचलायला चार माणसं लागतात. आताच्या बँडवाल्यांना तोच आवाज काखेत मावणाऱ्या सिंथमधून हवा असतो. मुंबई-पुण्याचे जुनं रॉक वाजवणारे लोक तो माझ्याकडून करून घेतात. सेटिंगचा तो गठ्ठा म्हणजे टोन.

आता तलासरीच्या लग्नात इंग्रजी ऑर्गन कुठून आला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं.

लहानूदादा तरुणपणी डहाणूला एका बागायतदाराकडे कामाला होता. चिकूची कलमं बांधायचा. बागायतदाराचा मुलगा कॉलेज सोडून घरी बसलेला, आणि ओटीवर डेक लावून दुपारभर रॉकच्या कॅसेट ऐकायचा. भाषा कळत नव्हती, पण मागचा तो ऑर्गन लहानूदादाला आवडला. "आमच्या बापाच्या तारप्यासारखा घुमायचा," तो म्हणतो. त्याचा बाप तारपा वाजवायचा. भोपळ्याचं ते वाद्य एकदा फुंकलं की आवाज तुटत नाही. वाजवणारा गालात हवा धरून नाकाने श्वास घेतो आणि नाच चालू असेपर्यंत फुंकत राहतो. पुढे दिनेशच्या बँडने पहिला कीबोर्ड घेतला, तेव्हा लहानूदादाने एकेक बटण दाबत 'रॉक ऑर्गन' शोधून काढला आणि त्यावर तारप्याच्या चाली बसवल्या. तेव्हापासून त्या भागातले लोक लांबून नुसता आवाज ऐकून सांगतात, लहानूचा बँड आला.

तो कीबोर्ड यंदा एका स्पीडब्रेकरवर टेम्पोतून खाली पडला आणि मेला. दिनेशने नवा सिंथ आणला. मी मोबाइलवरची जुनी रेकॉर्डिंग ऐकून टोन बनवला. नुसती नक्कल नाही केली, सुधारणा केली. जुन्या कीबोर्डचा आवाज सपाट होता. माझ्या टोनला मी टच दिला. हलकं दाबलं तर ऑर्गन मऊ, जोरात दाबलं तर गुरगुर. दिनेशला वाजवून दाखवला तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, अंगावर काटा आला."

"तेच म्हणतोय मी," दिनेश आता दारातून म्हणाला. "तुम्ही वाजवला तेव्हा काटा आला. त्याने वाजवला तर काहीच नाही. मग फरक कशात आहे?"

"हातात," लहानूदादा म्हणाला. "टोनला नावं कशाला ठेवू? नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक म्हणतील."

दिनेशने चपलेने उंबऱ्यावरची माती उगाचच सारखी केली. "आता कैनाडचं लग्न आहे. तिथे बघू. नाहीच जमलं तर याचं जुनं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर आहे, ते लावू. लहानू बसेल टेम्पोत. माइक-बिक बघेल."

म्हणजे लहानूदादाने टेम्पोत बसून स्वतःचंच जुनं वाजवणं ऐकायचं. दिनेश वाईट माणूस नाही. दोघं एकाच पाड्यात लहानाचे मोठे झालेले. त्याला हे बोलणं जड जात होतं, म्हणूनच तो आत येत नव्हता. तरी मला संताप आला.

"काही पेनड्राइव्ह नको," मी म्हणाले. "उद्या मी तलासरीला येते. आधी तुमच्या वायरी बघते."

वायरींचा संशय यायला कारण होतं. फिरत्या भोंग्याचा तो डोलणारा आवाज मी डाव्या-उजव्या अशा दोन बाजूंना वाटून बनवला होता. हेडफोनवर तो झकास लागतो. पण टेम्पोवर असतात कर्णे, आणि कर्ण्यांना सगळा आवाज एकाच वायरीतून जातो. डावं-उजवं एकात मिसळलं की डोलणं एकमेकांना खाऊन टाकतं. दिनेशच्या अंगणात टेम्पो उभा होता. मी सिंथ लावला आणि तसंच निघालं. अर्धा डोल गायब. तिथेच बसून मी टोन एका वायरीचा, म्हणजे मोनो, करून टाकला. मग वाजवून बघितलं. कर्णे असे काही घुमले की शेजारची कोंबडी कुंपणावरून पळाली.

"झालं," मी म्हणाले. "लहानूदादा, बसा."

तो बसला. वाजवायला लागला. आणि काय सांगू, आवाज मेला. काही सूर निघालेच नाहीत. काही मधूनच कुजबुजले. मग सूर निघत नाही म्हणून तो चिडून पट्टी ठोकायचा, तर एकदम कुत्रं अंगावर यावं तशी गुरगुर. पुढचा सूर परत गायब. चाल ओळखू येत होती, पण तिचे तुकडे तुकडे झाले होते.

त्याला उठवून मी परत वाजवलं. घुमलं. तो बसला. मेलं.

दिनेशने माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्याच्याकडे बघितलं नाही. खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, हात गेला. वय होतं, बोटं आखडतात, संधिवात असेल. इतकं वाईट वाटलं मला. वायर दुरुस्त करता येते, माणसाच्या बोटांचं मी काय करणार?

"चला, चहा घेऊ घरी," लहानूदादाच म्हणाला. आमची समजूत घालायला.

त्याचं घर त्याच पाड्यात, चार घरं टाकून. बायको चुलीवर चहा ठेवत होती. पडवीत खाटेवर तो पडून मेलेला जुना कीबोर्ड ठेवला होता. वर स्वच्छ टॉवेल घातलेला.

"भंगारात का नाही दिला?" मी विचारलं.

"देऊ देत नाही," बायको आतून म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ वाजवत बसतो. आवाज ना बिवाज."

लहानूदादा जरा लाजला. पण खाटेवर बसला, टॉवेल बाजूला केला आणि बोलता बोलता त्याची बोटं आपोआप पट्ट्यांवर गेली. तीच झरीच्या लग्नातली चाल. वीज नाही, आवाज नाही, नुसती बोटं.

मी चहाचा पेला हातात धरून बघत होते. काहीतरी खटकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग कळलं. खटखट नव्हती.

बंद कीबोर्ड वाजवून बघा तुम्ही. प्लास्टिकच्या पट्ट्या तळाला आपटतात आणि खटखट आवाज येतो. मी वाजवताना तर टायपिंग केल्यासारखा येतो. लहानूदादा पूर्ण वेगाने वाजवत होता आणि पडवीत चुलीतल्या लाकडांचा आवाज ऐकू येत होता. मी खाली वाकून बघितलं. पट्ट्या तळाला पोचतच नव्हत्या. अर्ध्यावर जाऊन वर येत होत्या. बोटं उचलली जात नव्हती, एका पट्टीवरून दुसरीवर नुसती सरकत होती. मागची सुटायच्या आत पुढची दाबलेली. बापाचा तारपा तुटत नसे, तसा याचाही सूर कुठे तुटत नव्हता. हात शाबूत होता. शाबूत काय, मी पाहिलेला सगळ्यात हलका हात होता तो.

"हे असं केव्हापासून वाजवता?" मी विचारलं.

"असं म्हणजे कसं? असंच वाजवतात ना?" तो म्हणाला. "सगळा दिवस वाजवायचं असतं लग्नात. जोर लावून कसं चालेल?"

मी चहा तसाच खाली ठेवला. "चला परत टेम्पोकडे."

नव्या सिंथच्या प्रत्येक पट्टीखाली दोन कॉन्टॅक्ट असतात, म्हणजे स्पर्श ओळखणारी दोन ठिकाणं. एक वर, एक तळाशी. पट्टी पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत किती वेगाने गेली, त्यावरून तुम्ही किती जोरात दाबलं ते सिंथ ठरवतो. यालाच टच म्हणतात. पियानोला तो लागतो. लहानूदादाची पट्टी दुसऱ्या कॉन्टॅक्टपर्यंत पोचतच नव्हती, म्हणून सूर निघत नव्हता. पोचली तरी हळू पोचायची, म्हणून सूर कुजबुजायचा. जुन्या कीबोर्डला टच नव्हताच. आणि गंमत म्हणजे त्या मूळ रॉकच्या ऑर्गनलाही नव्हता. पट्टीला बोट लागलं की सूर चालू, उचललं की बंद, जोराशी संबंध नाही. लहान-मोठा आवाज पायाने करायचा, पेडलवर. हे मला पाठ आहे. दहा जणांना समजावून सांगितलंय मी. आणि तरीही टच दिला, कारण माझ्या हाताला तो छान लागत होता, आणि टोन तपासायला मी माझाच हात वापरत होते.

टेम्पोत बसून मी टच काढून टाकला. पहिल्याच कॉन्टॅक्टला सूर निघेल असं सेटिंग केलं. ही सोय सिंथमध्ये होती, ऑर्गनवाल्यांसाठीच ठेवलेली. गुरगुर पट्टीवरून काढून पेडलवर दिली आणि पेडल लहानूदादाच्या उजव्या पायाखाली सरकवलं. तो पाय वाजवताना ठेका धरून हलतच असतो.

"बसा. आणि ठोकू नका. पडवीत वाजवत होता तसं वाजवा."

त्याने माझ्याकडे संशयाने बघितलं. मग बोटं ठेवली.

आधी एक लांब सूर आला. मग त्यातून दुसरा निघाला, मग चाल सुरू झाली, आणि कुठेही तुटली नाही. पायाच्या ठेक्यावर गुरगुर येत-जात राहिली. मी सुधारलेल्या टोनपेक्षा तो आवाज कितीतरी साधा होता. आणि कितीतरी चांगला होता. त्याची बायको हात पुसत रस्त्यापर्यंत आली. लहानूदादा थांबेचना. डोळे पुसायलासुद्धा हात काढला नाही त्याने, खांद्याला गाल घासला आणि वाजवत राहिला.

दिनेश टेम्पोच्या चाकाशी उकिडवा बसला होता. तिथूनच म्हणाला, "लहानू, मी पेनड्राइव्हचं बोललो ते सोड."

"वाजवू दे," लहानूदादा म्हणाला.

कैनाडच्या लग्नाला मी मुद्दाम गेले. ऊन उतरलं होतं. टेम्पो मांडवाबाहेर लागला. पहिला सूर आला तसे कोपऱ्यात बसलेले दोन-तीन म्हातारे उठले. मग बायकांनी एकमेकींच्या कमरेला हात घातले आणि गोल धरला. चाल तापली तसं लहानूदादाने भोंग्याच्या वेगाचं बटण दाबलं. आवाजाचं डोलणं हळूहळू वाढत गेलं आणि गोलही त्याबरोबर वेग घेत गेला. कोणी कोणाला सांगितलं नाही. झरीच्या लग्नातली ती धवलेरी इथेही होती. पदर खोचून गोलात शिरली आणि काळोख पडेपर्यंत बाहेर आली नाही. लहानूदादाने तिच्याकडे एकदाच बघितलं. तेवढं मला दिसलं.

जेवताना दिनेशने विचारलं, "मॅडम, नक्की काय घातलंत त्यात?"

"काही घातलं नाही. मी केलेली सुधारणा काढली."

त्याला ते पटलं नाही. एवढं शिकलेली बाई काहीतरी लपवतेय, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

निघताना मी लहानूदादाला विचारलं, टोनमध्ये आणखी काही हवंय का? तो जरा घुटमळला.

"टोन चांगला आहे, ताई. राग मानू नका, पण तुम्ही फार जोरात वाजवता."

मानला नाही. खरंच आहे ते. आता मी कोणाचाही टोन बनवायच्या आधी त्या माणसाला बंद कीबोर्डवर वाजवायला लावते आणि शेजारी बसून खटखट ऐकते. मुंबईचे रॉकवाले हसतात. हसू देत. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपण नाचणाऱ्यालाच ऐकवतो. अंगण ज्याने बांधलं त्याने एकदा तरी ते तपासून बघावं.